मिरचीच्या दिवसांतलं उष्टावण

आमच्या ब्राह्मणपुरीत, निदान आमच्या गल्लीत तरी, माझं बोट न चाटता कुणी मोठं झालेलं नाही. लेकराच्या उष्टावणाची वेळ आली की त्याची आई त्याला न्हाऊमाखू घालून माझ्या ओट्यावर आणते. मी पाय लांब करून बसते, लेकराला पायांवर आडवं घेते, वरणाच्या कोमट पाण्यात उजव्या हाताचं बोट बुडवते आणि त्याच्या जिभेवर टेकवते. त्यानंतर मामानं खीर चारायची ती चारावी, फोटो काढायचे ते काढावेत. पहिली चव छबूबाईच्या बोटाची. आमचा पंचायतीत निवडून आलेला फत्तेसिंगसुद्धा माझंच बोट चाटून वाढला. पुढे त्यानं काय काय चाटलं, त्याला माझं बोट जबाबदार नाही.

अशा या बोटाला माझ्याच घरात, माझ्याच सुनेनं नाही म्हटलं.

सून म्हणजे रोहिणी, नंदुरबारची. शहाद्याला औषधांच्या दुकानात कामाला आहे. दिवसभर डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचते. ते अक्षर जिला लागतं तिच्याशी भांडून निभाव लागत नाही, आणि ती भांडतही नाही. "हो आई" म्हणते आणि तिला हवं तेच करते. माझा हेमकांतही "हो आई" म्हणतो, पण तो बिचारा मी सांगितलेलं करतो, मग बायकोचं ऐकून ते उलटं करतो, आणि मग दोघींच्या शिव्या खातो.

यांची मुलगी चिमी. माझी एकुलती नात. तिला सहा महिने पुरे झाले आणि रोहिणीची रजा संपत आली. तेव्हा एका दुपारी लंगोट घडी करता करता सून मला म्हणाली, आवाज अगदी साखरेसारखा, "आई, मी कामावर जायच्या आधी चिमीचं खाणं सुरू करू. तुम्ही मी सांगते तसं भरवणार असाल तर ती इथेच राहील. नाहीतर वर्षाची होईपर्यंत तिला माझ्या आईकडे नंदुरबारला ठेवते. मीही तिकडूनच ये-जा करीन."

मी म्हटलं, खुशाल ने. पाळणाही ने, जागा अडवतो.

म्हटलं खरं. पण त्या दुपारी चहात साखर घातली की नाही ते मला आठवेना, आणि मी कुणाला विचारलंही नाही. पाळणा रिकामा असलेलं घर मी खूप पाहिलं आहे. हेमकांतच्या लग्नानंतर किती वर्षं तो माळ्यावर होता. चिमीच्या वेळी खाली काढला तेव्हा त्याच्या कड्यांना गंज चढला होता, तो मी स्वतः राख लावून घासला.

आता सुनेचं "मी सांगते तसं" म्हणजे काय ते ऐका. लेकराला आडवं घेऊन भरवायचं नाही, ताठ बसवायचं. बोटानं नाही, चमच्यानं. मीठ नाही, साखर नाही, मध तर वर्षाची होईपर्यंत ओठालाही लावायचा नाही. पेज पाण्यासारखी नको, चमचा तिरपा केला तरी ओघळू नये इतकी घट्ट हवी. शेंगदाणा, हरभरा, द्राक्ष असलं काही अख्खं तिच्या आसपाससुद्धा नको. मी म्हटलं, बाई, लेकरू जेवायला बसतंय की परीक्षेला?

या सगळ्यावर मी एकच बोलले. या गल्लीतली सगळी पोरं आडवीच भरवली, आणि आज बघ, एकेक कसा बैलासारखा झाला आहे.

"वाढली तीच तुम्हाला दिसतात, आई," ती म्हणाली.

मी लगेच आजच्या डाळीत मीठ कुणी इतकं घातलं ते विचारलं.

पण या सगळ्याच्या वरचं कलम शेवटी होतं. रोहिणी म्हणाली की चमचा तिच्या ओठांपुढे धरायचा आणि थांबायचं. ती स्वतः पुढे झुकून तोंड उघडेल तेव्हाच आत जाऊ द्यायचा. नाही उघडलं तर नाही. आणि तोंड फिरवलं की बस.

लोक हो, या घरात मी कुणी तोंड उघडायची वाट पाहिलेली नाही. उलट कुणी उघडलं तर ते बंद कसं करायचं याचाच मला सराव. आणि माझ्या ताटावरून "नको" म्हणून कुणी उठलं आहे असं कधी झालं नाही. आमचे मालक रतिलाल यांनी एकदा तसं करून पाहिलं होतं, तेव्हापासून ते भाकरी मोडायच्या आधीच मला विचारतात की एकूण किती खायच्या आहेत.

त्यातच नंदुरबारहून मिरची आली. वर्षाची मिरची आम्ही तिथल्या बाजारातूनच घेतो, आणि भाव बरा लागला की मालक उष्टावण बघत नाहीत की बारसं. पोतं ओट्यावर ओतलं आणि मी देठं खुडायला बसले. मिरची खुडणारीचे हात कसे भगभगतात ते इकडच्या बाईला सांगायला नको. नव्या नवरीला तर आम्ही हात ताकात बुडवून बसवतो. माझं मात्र तसं नाही. माझे हात इतक्या वर्षांत मिरचीला ओळखतात आणि मिरची त्यांना. मला काही म्हणजे काही लागत नाही. पोतंभर खुडते, हात धुते आणि भाकरी थापायला बसते.

हेच मी रोहिणीला अभिमानानं सांगत होते. बोटाबद्दल निदान एवढं तरी ऐक म्हटलं. चमचा नंतर धर, पेज घट्ट कर, तिला खुर्चीत बसव, नाहीतर सिंहासनावर बसव. पण पहिली चव बोटाची असू दे. एवढा मान मला दे. हे बघ, साबणानं धुतलं, माती लावून धुतलं, तेल लावलं, पुसलं. स्वच्छ.

रोहिणीनं बोट हातात घेऊन पाहिलं, वासही घेतला. मग वाटीत थोडं कोमट दूध आणलं. "बुडवा, आई," म्हणाली. मी बुडवलं. मला वाटलं झालं, सून वळली. तर तिनं हेमकांतला हाक मारली. तो अंगणात मोटरसायकल पुसत होता. "इकडे या जरा," म्हणाली, "आईचं बोट चाटा."

आता माझा मुलगा, मिशीवाला, दोन एकर पपईचा मालक, बायकोसमोर आईचं बोट चाटायला तयार होईना. मी डोळे वटारले. तो वाकला आणि चाटलं.

आधी काही झालं नाही. मी सुनेकडे विजयानं बघितलं. मग हेमकांतच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग नाक. मग दोन्ही डोळ्यांतून पाण्याची धार लागली. पण पोरगा माझा. माझ्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, घसा खाकरला आणि म्हणाला, "काही नही व माय. गोड लागस."

आणि मग माठाकडे जो धावला, तो तांब्यानं नाही, थेट माठाला तोंड लावून प्याला.

मालक झोपाळ्यावर बसून बघत होते. उपरणं तोंडात धरून त्यांचे खांदे हलत होते, ते मी बघून ठेवलं. रोहिणी हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. तिनं वाटीतलं दूध मोरीत ओतलं, वाटी घासून पालथी घातली आणि चिमीला माझ्या मांडीवर आणून ठेवलं. चिमी लगेच माझं ते बोट पकडायला निघाली. तिला जे दिसेल ते तोंडात घालायचं असतं. मी हात पाठीमागे घेतला.

आपल्याला लागत नाही म्हणजे ते तिखट नाही असं नसतं, हे मला सुनेनं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं.

मी एवढंच म्हटलं, "चमचा घेईन. पण चमचा माझ्याच हातात."

"तुमच्याच हातात," ती म्हणाली. "आणि थांबायचं."

त्या दिवसापासून मी मिरचीला हात लावला नाही. अर्धं पोतं ओट्यावर तसंच पडून राहिलं, वरून गोणपाट टाकलं. शेजारणींना सांगितलं की मिरचीला अजून ऊन दाखवायचं आहे. आणि थांबण्याचा सराव मालकांवर केला. ते बातम्या बघत बसले की मी खिचडीचा चमचा त्यांच्या तोंडापुढे धरून उभी राहायची. पण त्या माणसाचं तोंड चमचा दिसायच्या आधीच उघडं. यांच्यावर काय सराव होणार.

उष्टावणाच्या दिवशी सकाळीच रोहिणीचा भाऊ अजित गाडी घेऊन आला. मामा तो, मान त्याचा. त्यानं चांदीची वाटी आणली, भाचीला फ्रॉक आणला. आणि मी बघितलं, रोहिणीच्या खोलीच्या दाराशी चिमीच्या कपड्यांची पिशवी भरून ठेवलेली होती. वर तिची झबली, बाजूला खुळखुळा. मी ती ओलांडून गेले, जणू ती तिथे कायमचीच होती.

मग आली माझी नणंद सुंदरबाई. तळोद्याला दिली आहे. तिच्या तोंडाला ना दार ना कडी, पण मन वाईट नाही. तिच्या पोरांनाही मीच बोट दिलं होतं, त्यामुळे ती ओट्याच्या पहिल्या रांगेत बसली. तिनं पाहिलं की नात मालकांच्या मांडीवर ताठ बसवली आहे, गळ्यात लाळेरं बांधलं आहे, आणि माझ्या हातात चमचा आहे.

"काय व वहिनी," ती म्हणाली, "तुन्हा बोटले काय व्हयनं?"

बायका हसल्या. मी म्हटलं, बोट थकलं, पेन्शनीत निघालं. पुन्हा हसल्या. मग तिनं पदराच्या गाठीतून एक इवलीशी बाटली काढली. धडगावकडच्या एका ओळखीच्या माणसानं डोंगरातून आणलेला मध, अस्सल, घट्ट, पाहूनच तोंडाला पाणी सुटावं असा. तो सोन्याच्या अंगठीवर घेऊन चाटवायचा, म्हणजे पोरीची वाणी गोड होते, असं तिचं म्हणणं. तिच्या चारही पोरांना तिनं तसाच चाटवला होता. त्यांची वाणी किती गोड आहे ते तळोद्याच्या लोकांना विचारा.

रोहिणी दाराशी उभी होती. तिनं तोंड उघडलं, पण माझ्याकडे पाहून मिटलं. म्हणजे मला कळलं, ती बघते आहे मी काय करते ते.

खरं सांगते, त्या मधाच्या गोष्टीवर मी आठवडाभर सुनेची चेष्टा केली होती. पण सुंदरबाईच्या हातून माझ्या नातीला काही जायचं असेल तर ते मी ठरवणार. मी बाटली घेतली, पदराखाली ठेवली आणि म्हटलं, "वरीसनी व्हऊ दे, मंग तुन्हाच हातथून चाटाड. तव्हरोक हाऊ मध मन्हा ससराना फोटोपुढे राही." तान्ह्या लेकराला मधातून कसलं विष बाधतं, त्यानं लेकराचं अंग लुळं पडतं, हे सगळं मी असं सांगितलं की जणू हे माझ्या माहेराहूनच मला माहीत होतं. रोहिणीनं खाली पाहिलं. तिच्या ओठाचा कोपरा हलला, तो मी बघितला नाही असं दाखवलं.

पहिलं मामाचं झालं. अजितनं वाटीला हात लावून ओवाळणी घातली, त्याला म्हटलं मान झाला, खीर तूच खा, बदामाचे तुकडे आहेत तिच्यात. तो आज्ञाधारक मुलगा, खाल्ली.

मग माझी पाळी. पेज दादर ज्वारीच्या पिठाची, मुगाच्या डाळीत शिजवलेली, वरून साजूक तुपाचा थेंब. मी स्वतः घोटली होती. चमचा तिरपा करून बघितला, ओघळली नाही. चमच्याच्या टोकावर जरा घेतली, आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायकांसमोर चिमीच्या ओठांपुढे धरली, आणि थांबले.

चिमीनं चमच्याकडे पाहिलं नाही. तिनं माझ्या बांगड्या पाहिल्या. मग पंखा. मग सुंदरबाईची नथ. मग आजोबांची मिशी हातानं धरून ओढली. मी थांबले. कुणीतरी खोकलं. त्या दाराशी ती पिशवी होती आणि माझ्या हातात एवढासा चमचा, आणि सगळं त्या दात नसलेल्या तोंडावर येऊन अडलं होतं.

"वहिनी, हात दुखी जाई," सुंदरबाई म्हणाली. "गाल दाब ना व, तोंड उघडी जाई. तू अशी कव्हयपासून व्हयनी?"

दाबायचंच होतं मला. बोटं सळसळत होती. एका चिमटीचं काम, आणि माझी अब्रू वाचली असती.

"तिन्हं तोंड शे," मी म्हटलं. "ती उघाडी तव्हय उघाडी."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मी बघितलं नाही. मी चिमीकडे बघत होते. आणि मग त्या पोरीनं आजोबांची मिशी सोडली, माझ्याकडे पाहिलं, चमच्याकडे पाहिलं, पुढे झुकली आणि आपलं गुलाबी तोंड असं उघडलं, जसं पाखराचं पिल्लू उघडतं. मी चमचा आत टेकवला.

अर्धी पेज हनुवटीवर आली. राहिलेली तिनं जिभेनं पुढे ढकलली, मागे नेली, विचार केला, आणि मग तिचा चेहरा लाल झाला. ओकारी आल्यासारखी जीभ बाहेर काढली आणि खोकायला लागली.

ओट्यावर कल्लोळ झाला. एक म्हणे टाळूवर फुंका, दुसरी म्हणे पाणी पाजा, तिसरी म्हणे पाठीत धपाटा घाला. सुंदरबाईनं तर तर्जनी पुढे केली, पोरीच्या घशात घालून घास काढायला. मी तिचं मनगट धरलं. माझी पकड तिला माझ्या लग्नापासून माहीत आहे.

"खोकी ऱ्हायनी ना ती?" मी म्हटलं. "आवाज येस ना? मंग हात लावू नका कोणी."

रोहिणीनं हे मला सांगितलं होतं, त्या वेळी मी अर्धं ऐकलं होतं. खोकणारं, आवाज करणारं लेकरू आपलं आपण घास पुढे आणतं, बोट घातलं तर तो उलट खोल जातो. आवाज बंद झाला, रंग उतरला, तर मात्र क्षणाचा वेळ नाही, तेव्हा पालथं धरून पाठीत मारायचं. मी चिमीच्या तोंडाकडे बघत बसले. रोहिणी दारातून माझ्या खांद्यामागे येऊन उभी राहिली होती, तिचा श्वास मला मानेवर लागत होता. तिनंही हात लावला नाही.

चिमी खोकली, थुंकली, आणि घास हनुवटीवर आला. मग तिनं सगळ्यांकडे रागानं बघितलं, जणू हा सगळा गोंधळ आम्हीच केला होता. आणि पुन्हा पुढे झुकून तोंड उघडलं.

दुसऱ्या वेळी तिनं गिळली. तिसऱ्या वेळी मिटक्या मारल्या. चौथा चमचा धरला तर तिनं तोंड फिरवून आजोबांच्या सदऱ्यात घातलं. वाटी जवळजवळ भरलेली होती. तूप घातलेली, मी घोटलेली. मी वाटीकडे बघितलं, पोरीकडे बघितलं, आणि चमचा खाली ठेवला.

"एवढंच?" सुंदरबाई म्हणाली. तिच्या तोंडावर असं काही होतं, जणू सूर्य पश्चिमेला उगवला आहे.

"पोट भरनं तिन्हं," मी म्हटलं.

पंगत बसली. पुरणाची पोळी वाढताना मालक मान फिरवून म्हणाले, पोट भरनं मन्हं, आणि सदऱ्यात तोंड घालायला लागले. त्यांना मी आणखी दोन वाढल्या. सहा महिन्यांची सवलत साठ वर्षांच्या माणसाला नसते.

संध्याकाळी अजित गाडीत बसला. मी मागे उभी, त्याला द्यायच्या पपया पिशवीत भरत होते आणि मुद्दाम एकेक पपई निवडून घेत होते. रोहिणी खोलीतून आली. तिच्या हातात चिमीची पिशवी होती. ती गाडीपर्यंत गेली, भावाशी काहीतरी बोलली, आणि पिशवी घेऊनच परत आली. माझ्यासमोर ओट्यावर बसून तिनं झबली बाहेर काढली, एकेक झटकून घडी घातली.

"आई," ती म्हणाली, "सोमवारपासून मी कामावर जाते. सकाळचं तुम्ही भरवाल?"

"मी नही चारसू ते काय सुंदरबाई चारी?" मी म्हटलं.

ती हसली. पहिल्यांदाच, दात दिसतील अशी. मग ती खुळखुळा घेऊन आत गेली, आणि पाळण्याच्या कड्या वाजल्या.

मिरचीचं पोतं अजून अर्धं आहे. पण माझा उजवा हात आता कामाला लागला आहे, तो मिरचीला लावता येत नाही. तेव्हा सध्या संध्याकाळी आमच्या ओट्यावर मालक आणि हेमकांत समोरासमोर बसून देठं खुडतात. दोघांच्या डोळ्यांतून धारा लागलेल्या असतात. गल्लीतून जाणाऱ्या बायका विचारतात, काय झालं, घरात कुणाचं काही बरंवाईट? मी चिमीला कडेवर घेऊन सांगते, काही नही, गोड लागस त्यासले.